सल्ला हवा: रोज आदळआपट होणाऱ्या रायफलवर टिकेल अशी दुर्बीण कुठली?

पेकानवाला

नमस्कार मंडळी,

विषय इथल्या नेहमीच्या गप्पांपेक्षा जरा वेगळा आहे, ज्यांना बंदुकीचा विषय नकोसा वाटतो त्यांनी पुढे जावं, भांडण नको. मी टेक्सासात सान अँटोनियोच्या पूर्वेला सिगीनजवळ राहतो. मूळ गाव सांगोला, म्हणजे डाळिंबं बघत वाढलो आणि नशिबात आली पेकानची (अक्रोडासारख्या सुक्या मेव्याची) झाडं. नोकरी चालूच आहे पण पाच वर्षांपूर्वी एका पंजाबी मित्राबरोबर भागीत बाग घेतली आणि तेव्हापासून रानडुकरं मागे लागलीत. गावाकडे एखाददुसरा कळप यायचा, इथे रोजचंच आहे. रात्रीत दोन ओळींमधली जमीन नांगर फिरवल्यासारखी करतात, ठिबकच्या नळ्या उपसून टाकतात आणि सीझनला खाली पडलेला पेकान आमच्या आधी तेच वेचतात.

रायफल ३०८ कॅलिबरची आहे, बोल्ट ॲक्शन (दर बाराला हाताने खिट्टी ओढायची), २० इंची नळी. कपाटात नसतेच ती, बागेतल्या उघड्या चारचाकीच्या रॅकला लटकलेली असते. धूळ, खड्डे, पाऊस, ऑगस्टातलं ऊन सगळं खाते. एकदा पार्टनरच्या हातून सरळ सिमेंटवर पडली.

तिच्यावर ३-९ची (३ ते ९ पट मोठं दाखवणारी) एक स्वस्तातली दुर्बीण होती, ब्रँड मुद्दाम सांगत नाही. दोन महिन्यांत तीनदा झिरो (नेम आणि गोळी जुळवून केलेली सेटिंग) सरकला. गेल्या रविवारी शंभर यार्डावर बार काढले तर चार इंच उजवीकडे! आधी वाटलं माझाच हात हलतोय, मग पार्टनरने मारून बघितलं, तरी तेच.

बजेट माउंट (दुर्बीण रायफलला बसवायचं सामान) वगैरे धरून आठशे डॉलर. अंतर बहुतेक वेळा ५० ते १५० यार्ड, कधीतरी २००. वेळ संध्याकाळची किंवा पहाटेची. थर्मल (अंगाच्या उष्णतेवरून अंधारात दाखवणारी) सध्या नको, बायको घराबाहेर काढेल. रेड डॉट (मोठं न करता काचेत नुसता लाल ठिपका दाखवणारा) घेऊ, १-६ वाली घेऊ, की साधीच पण चांगली घेऊ? आणि ही बॅटरीची भानगड बागेत टिकते का?

सिडनीचा_सांगलीकर

अरे वा, सांगोला म्हणजे आमच्या शेजारचाच की तू. आमच्याकडेही डुकरं आहेत भाऊ, मित्राच्या मेंढ्यांच्या फार्मवर महिन्यातून एकदा जातो. इथे १९९६ नंतर सेमी-ऑटो सामान्य माणसाला जवळपास मिळतच नाहीत त्यामुळे सगळे बोल्टवालेच.

दुर्बिणीकडे जाण्याआधी एक विचारतो, राग मानू नको. बेसचे स्क्रू कधी तपासलेस? म्हणजे दुर्बीण धरणाऱ्या रिंगांचे नाही, रिंगांच्या खाली जी पट्टी रायफलला बसवलेली असते तिचे. दुकानात बसवून दिलेली असते, आपण परत कधी बघत नाही. मी स्वतः एक दुर्बीण विकून टाकलेली आहे आणि नंतर कळलं की दोष तिचा नव्हताच. ज्याने घेतली तो आजही तिच्यावर खूश आहे आणि मला दर दिवाळीला फोटो पाठवतो.

ठाण्याचा_टॉम

ट्रायजिकॉनची एसीओजी (लष्करी छोटी दुर्बीण) घ्या, विषय संपला. अमेरिकन मरीन कोअरवाले वर्षानुवर्षं वापरत होते, बॅटरी लागत नाही, दगडावर आपटली तरी काही होत नाही.

न्यूजर्सी_नाना

@ठाण्याचा_टॉम विषय संपला नाही, सुरू झाला. ज्या ४x३२ ची (४ पट, पुढची काच ३२ मिलिमीटर) तू गोष्ट करतोयस तिला डोळा काचेपासून दीड इंचावर ठेवावा लागतो. हलक्या धक्क्याच्या रायफलवर ठीक आहे, ३०८ बोल्टवर ती लावून बघ, पहिल्याच बाराला भुवईवर चंद्रकोर उमटेल आणि लोक विचारतील की नाना, कुठे पडलात. शिवाय बजेट आठशे सांगितलंय, नवी घेतली तर हजाराच्या वर जाते. मजबूत आहे हे मात्र शंभर टक्के खरं, त्याबद्दल वाद नाही.

पेकानवाला, मी रेड डॉटच्या बाजूचा माणूस आहे. स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ मध्ये पहिला बाजारात आणला आणि त्यांच्या हल्लीच्या टी-२ ला एका नाण्याएवढ्या सीआर २०३२ बॅटरीवर पन्नास हजार तास देतात. म्हणजे पाच वर्षांच्या वर, बंदच करायचा नाही, चालूच ठेवायचा. बॅटरीची भानगड राहतच नाही, दर वाढदिवसाला बदलून टाकायची. आत हलणारं फारसं काही नाही त्यामुळे बिघडायलाही फारसं काही नाही. नवा टी-२ तुझ्या बजेटच्या काठावर येईल, वापरलेला बघ. पळणाऱ्या डुकरावर दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका टेकवला की झालं.

एकच विचारतो, चष्म्याला सिलिंडरचा नंबर आहे का?

पेकानवाला

@सांगलीकर बेसचे नाही तपासले. खरं सांगायचं तर ते वेगळे स्क्रू असतात हे आत्ता कळलं 🙈

@नाना हो आहे, उजव्या डोळ्याला. का?

न्यूजर्सी_नाना

मग ठिपका ठिपक्यासारखा दिसणार नाही. कुणाला स्वल्पविराम दिसतो, कुणाला द्राक्षाचा घड. दुकानात जाऊन आधी डोळा लाव, मग फोनच्या कॅमेऱ्यातून बघ. कॅमेऱ्यात गोल दिसला आणि तुला घड दिसला तर डोळा तुझा, वस्तू ठीक आहे. तसं असेल तर माझा सल्ला मीच मागे घेतो. आत काचेवर कोरलेली रेघ असलेली दुर्बीण घे, तिला डोळ्याकडच्या टोकाच्या चाकाने आपल्या नजरेप्रमाणे स्वच्छ करता येतं.

निवृत्त_सुभेदार

मुलांनो, तुमच्या ब्रँडच्या गप्पा वाचून मजा वाटली. मी बेळगावच्या सेंटरमधला, आता साताऱ्याला शेती करतो. आमच्याकडे ड्रॅगुनोव्ह स्नायपर रायफल होती, तिच्यावर रशियन पीएसओ-१ दुर्बीण, फक्त ४ पट आणि पुढची काच २४ मिलिमीटर. तिच्यात खाली डाव्या कोपऱ्यात एक वाकडी रेघ असते, १.७ मीटरचा माणूस त्या रेघेत बसवला की अंतर कळतं. साठच्या दशकातलं डिझाइन आहे, आणि ४ पटीने काम अडत नसे. आज पोरं २०० यार्डाच्या डुकरासाठी २५ पट बघतात, त्यांना डुकराच्या अंगावरची गोचीड मोजायची आहे का?

तुम्ही संध्याकाळ म्हणालात म्हणून एक हिशेब सांगतो. पुढच्या काचेच्या मिलिमीटरला पटीने भागायचं. २४ भागिले ४, सहा. म्हणजे डोळ्यापाशी सहा मिलिमीटरचा उजेडाचा गोळा येतो. तुमच्या ३-९x४० ला ९ वर ठेवलं की हाच गोळा साडेचारच्या आत जातो. अंधार पडताना तरुण माणसाची बाहुली सातपर्यंत उघडते, माझ्या वयाला पाचसुद्धा पुष्कळ. म्हणून अंधारात पट कमी करायची, वाढवायची नाही. लोक नेमकं उलट करतात आणि म्हणतात काचच बेकार आहे.

आणि दुर्बिणीला धरून रायफल कधीही उचलायची नाही. रॅकमधून काढताना तुमचा हात कुठे जातो ते उद्या बघा.

पेकानवाला

काका, आत्ता बाहेर जाऊन बघून आलो. दुर्बिणीलाच धरतो मी. पार्टनर तर तिचा पिशवीच्या पट्ट्यासारखा वापर करतो.

टॉर्क_रेंच

सगळं वाचलं. मी डेट्रॉइटकडे असतो, पिंपरीत दहा वर्षं शॉप फ्लोअरवर काढलीत, त्यामुळे हा विषय मला दुर्बिणीचा कमी आणि फिटिंगचा जास्त वाटतो. जरा लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी झिरो सरकतो म्हणजे काय होतं ते बघू. दोन रिंगांमधलं अंतर साधारण पाच इंच धरा. त्यातली एक रिंग एका बाजूला एक हजारांश इंच सरकली, तर शंभर यार्डावर म्हणजे ३६०० इंचांवर ते होतं पाऊण इंच. माणसाच्या केसाची जाडी साधारण तीन हजारांश इंच. म्हणजे कुठल्याही जोडात केसाएवढी ढिलाई आली की शंभर यार्डावर दोन इंच गेले! डोळ्याला ती ढिलाई दिसत नाही, हाताला जाणवत नाही, फक्त कागदावर दिसते आणि माणूस दुर्बिणीला शिव्या घालतो.

आता दुर्बिणीच्या आत. बाहेरच्या नळीत अजून एक बारीक नळी असते, मागच्या टोकाला टेकलेली आणि पुढून मोकळी. वरचं आणि बाजूचं बटण तुम्ही फिरवता तेव्हा तो स्क्रू त्या आतल्या नळीला ढकलतो आणि समोरून एक स्प्रिंग तिला परत दाबून धरते. एवढीच यंत्रणा आहे. प्रत्येक बाराला आणि तुमच्या गाडीच्या प्रत्येक खड्ड्याला ती आतली नळी उसळते आणि स्प्रिंगने तिला पुन्हा त्याच जागी आणून बसवायचं असतं. स्वस्तात आणि महागात खरा फरक इथे पडतो. काच सगळ्यांचीच हल्ली बरी असते, दुकानाच्या काउंटरवर उभं राहून समोरची पाटी वाचली तर दीडशेची आणि पंधराशेची यात फार फरक वाटत नाही. स्प्रिंगचा दर्जा मात्र काउंटरवर दिसत नाही.

अजून एक. बटण एका बाजूला पार शेवटपर्यंत फिरवून झिरो केला असेल तर स्प्रिंग तिथे एकतर पूर्ण दबलेली असते नाहीतर जवळजवळ सुटलेली. सुटलेल्या बाजूला असेल तर ती नळीला धरूनच ठेवत नाही. अशा वेळी दुर्बीण बदलून उपयोग नाही, बेसच वाकडा बसलाय, तो सरळ करायचा.

करायचं काय ते सांगतो. सगळं खोला, अगदी सगळं. दुकानदार बेस बसवताना स्क्रूला गंजू नये म्हणून तेल लावतो किंवा कारखान्याचं तेल तसंच असतं, ते ॲसिटोनने पुसून काढा, स्क्रू पण आणि भोकं पण. बेसच्या स्क्रूला निळा लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा डिंक) एक थेंब, लाल नाही, लाल लावला तर पुढच्या वेळी सोडवायला आगीचा टॉर्च घेऊन बसावं लागेल. मग इंच-पाउंडवाला छोटा टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) घ्या, साठ-सत्तर डॉलरला मिळतो. बेसला साधारण वीस-बावीस, रिंगांच्या वरच्या टोप्यांना पंधरा ते अठरा, पण तुमच्या रिंगांच्या कागदावर जो आकडा असेल तोच खरा. टोप्या जास्त आवळल्या की नळी चिमटते आणि आतली नळी अडकून बसते, तेही झिरो सरकण्याचं एक कारण. हाताच्या अंदाजाने आवळणारे सगळे स्वतःला एक्सपर्ट समजतात, मीही समजायचो, एकदा मोजून बघितलं तर चार स्क्रूंचे चार आकडे.

रिंग पट्टीच्या खाचेत बसवताना पुढे, म्हणजे नळीच्या तोंडाकडे ढकलून मग आवळा. बार निघाला की रायफल मागे येते, दुर्बीण आपल्या वजनाने तिथेच राहू बघते, म्हणजे रायफलच्या हिशेबाने ती पुढे सरकते. आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेली असेल तर सरकायला जागाच उरत नाही.

शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बेसवर रंगाच्या पेनाने एक रेघ. आमच्याकडे असेंब्ली लाइनवर हेच करतात. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

हे सगळं केल्यावर चाचणी घ्या. तीन बार नकोत, दहा मारा, तीन बारांत नशीब चांगलं दिसू शकतं. मग गाडीत टाकून नेहमीसारखी हाणा, परत येऊन परत दहा. आता दुसरी एखादी भरवशाची दुर्बीण कुणाकडून उसनी मिळाली तर त्याच रिंगांत लावून हेच सगळं पुन्हा. तेव्हा कळेल दोष कुणाचा.

ईओटेकबद्दल (रेड डॉटसारख्या साइट बनवणारी कंपनी) कुणी सांगेल म्हणून आधीच लिहितो. तपमान बदललं की झिरो सरकतो या आरोपावरून त्यांच्या तेव्हाच्या मालक कंपनीने २०१५ मध्ये अमेरिकन सरकारला २ कोटी ५६ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं होतं. सैन्याच्या मालाचं हे, तर आपण चाचणी न करता पाकिटावरच्या शब्दांवर का विश्वास ठेवायचा?

सिडनीचा_सांगलीकर

@टॉर्क_रेंच साहेब 🙏 हे छापून गॅरेजमध्ये लावतो.

नाइटफोर्सबद्दल एक गंमत सांगायची राहिली. अमेरिकेतली आयडाहोची कंपनी म्हणून सगळे ओळखतात, पण मूळ आमच्या ॲडलेडचं आहे. तिथल्या एका दंतवैद्याने रात्रीच्या शिकारीचे झोताचे दिवे बनवायला घेतले, लाइटफोर्स नावाने, आणि त्याच घरातून पुढे या दुर्बिणी आल्या. इथे फार्मवर अजून लोकांच्या गाड्यांवर ते दिवे असतात. दुर्बीण दगड आहे अक्षरशः, पण वजनालाही दगडच, आणि आठशेत माउंटसकट नवी बसवायची म्हणजे ओढाताण.

नेमबाज_ताई

पुण्याहून. मी दहा मीटर एअर रायफलची, तिथे दुर्बीण चालतच नाही. पन्नास मीटरलाही नाही. २०२४ ला पॅरिसला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं ते मागच्या बाजूला बारीक छिद्र आणि पुढे गोल कडी, एवढ्यावर, कसलीही वाढीव पट नाही. म्हणून दुर्बिणीचा प्रश्न आला की मला थोडं हसूच येतं, सॉरी 😄

पण मुद्द्याचं लिहिते. इकडे पुष्कळ लोक लायसन्स न लागणारी ४.५ मिमीची स्प्रिंगची एअर रायफल घेतात आणि तिच्यावर बंदुकीची चांगली दुर्बीण चढवतात आणि महिन्याभरात तिची वाट लागते, मग म्हणतात एवढी महाग वस्तू, छर्‍याच्या बंदुकीने कशी काय मोडली. स्प्रिंगच्या रायफलचा धक्का आधी मागे आणि लगेच पिस्टन आपटला की पुढे, असा दोन्हीकडून येतो. टॉर्क_रेंच दादांनी सांगितली ती आतली स्प्रिंग बहुतेक एकाच दिशेच्या धक्क्याचा विचार करून बसवलेली असते. म्हणून घेताना विचारायचं की एअरगनवर चालते का. तुम्हाला एअरगन नाही मारायची, पण गाडीचे खड्डे सगळ्याच बाजूंनी येतात ना, म्हणून दोन्ही बाजूंचा धक्का सोसणारी असेल तर तुमच्याही कामाची.

कोकणी_काका

आजोबांकडे शेती संरक्षणाच्या लायसन्सची ठासणीची बंदूक होती. दुर्बीण नाही, झिरो नाही, नळीच्या टोकाला माशी तेवढी. इलेक्शन आलं की ती पोलीस स्टेशनात जमा, आणि डुकरांना बहुतेक कॅलेंडर वाचता येत असावं, कारण नेमकी तेव्हाच भातात शिरायची.

बाकी चालू द्या. वाचतोय.

पेकानवाला

अपडेट. थोडं लाजिरवाणं आहे.

पुढच्या बाजूचा बेसचा स्क्रू बोटाने फिरला. बोटाने! दुसरा रेंचला अर्ध्या फेऱ्यात सुटला आणि दोन्ही तेलाने माखलेले. सगळं टॉर्क_रेंच म्हणाले तसं केलं, ॲसिटोन, निळा थेंब, रेंच, रंगाची रेघ (बायकोचं नेलपॉलिश). शनिवारी दहा बार, गट (कागदावरच्या छिद्रांचा पुंजका) दोन इंचांच्या आत. मग चारचाकी घेऊन बागेला फेऱ्या मारल्या, साधारण तीस मैल, मुद्दाम नाल्यातून नेली. परत दहा. आणि सगळा गट जवळपास दीड इंच उजवीकडे. स्क्रूंच्या रेघा जागच्या जागी, एकही हललेली नाही.

रविवारी रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाने स्वतःची एसडब्ल्यूएफए ची फिक्स ६x४२ दिली, माझ्याच रिंगांत बसली. तेच सगळं केलं. दहा बार, तीस मैल, दहा बार. आधीचा आणि नंतरचा गट एकावर एक.

म्हणजे स्क्रूही ढिला होता आणि दुर्बीणही गेली होती. नुसती दुर्बीण बदलली असती तर ढिल्या स्क्रूवर नवी चढली असती आणि तीही बदनाम झाली असती, आणि नुसते स्क्रू आवळले असते तर महिन्याने परत इथे येऊन रडलो असतो.

आता घ्यायचं काय? ६ ची फिक्स स्वच्छ आणि मजबूत वाटली, पण झाडांच्या ओळीत चाळीस यार्डावर डुक्कर पळालं की काचेत नुसतं गवत दिसतं, डुक्कर सापडतच नाही. रेड डॉटही दुकानात बघून आलो. नाना, तुम्ही म्हणालात तसंच, द्राक्षाचा घड. फोनमध्ये गोल गरगरीत.

न्यूजर्सी_नाना

सांगोल्याच्या माणसाला डाळिंब दिसायला हवं होतं. असो, मी बाद.

निवृत्त_सुभेदार

४ च्या वर जाऊ नका. खालची पट १ किंवा २ असावी.

टॉर्क_रेंच

काकांशी बऱ्यापैकी सहमत. १-४ किंवा फार तर २-७ बघा. १-६, १-८ छान असतात, पण जेवढी पट ताणायची तेवढं आतलं काम गुंतागुंतीचं होतं, आणि आठशेच्या बजेटमध्ये ते गुंतागुंतीचं काम कुणीतरी कुठेतरी स्वस्तात उरकलेलं असतं. त्याच पैशात १-४ घेतली तर ते पैसे मजबुतीवर लागलेले असतात. मरीन कोअरने २०२० मध्ये १-८ निवडली हे खरं, पण ती ट्रायजिकॉनची व्हीकॉग, तिची किंमत विचारू नका.

दोनशे यार्डाच्या आत ३०८ ला बटणं फिरवायची गरजच नाही. शंभराला झिरो केला तर दोनशेला गोळी साधारण चार इंच खाली जाते, डुकराच्या अंगावर थोडं वर धरलं की भागलं. म्हणून टोपीवाली, झाकलेली बटणं घ्या. उघडी मोठी बटणं दिसायला भारी असतात, पण तुमचा पार्टनर पट्टा म्हणून धरतो म्हणता, म्हणजे तो ती नक्की फिरवणार.

बॅटरी नकोच असेल तर ट्रायजिकॉनचीच ॲक्युपॉइंट १-४x२४ वापरलेली शोधा. दिवसा बाहेरच्या उजेडावर फायबर चमकतं आणि अंधारात ट्रिटियम (बॅटरीशिवाय उजेड देणारा किरणोत्सारी वायू). फक्त कुठल्या सालची आहे ते विचारून घ्या, ट्रिटियमचा उजेड १२.३ वर्षांत निम्मा होतो. जुनी असेल तर भाव पाडून मागा, दिवसाच्या उजेडावर काही परिणाम होत नाही. ल्युपोल्डची ऑरेगॉनमध्ये बनलेली २-७ पण चालेल, हलकी असते, आणि त्यांची हमी आयुष्यभराची, दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही. व्होर्टेक्सवालेही तशीच हमी देतात. पण पेकानच्या ऐन सीझनमध्ये दुर्बीण पार्सलने दुरुस्तीला गेली तर त्या हमीचा डुकरांवर काही परिणाम होत नाही.

पेकानवाला

वा, हे पटलं. एक साइड प्रश्न, जुनी दुर्बीण सांगोल्यातल्या भावाला हवीये, तो म्हणतो एअरगनवर लावतो. डिसेंबरात जातोय, बॅगेत टाकू का?

ठाण्याचा_टॉम

टाक की, कोण बघतंय.

न्यूजर्सी_नाना

अजिबात टाकू नकोस! अमेरिकेतून बंदुकीची दुर्बीण देशाबाहेर न्यायची तर निर्यात परवाना लागतो, भेट असो नाहीतर मोडकी असो. स्वस्तातल्या मोडक्या दुर्बिणीपायी फेडरल केस कुणी अंगावर घेतं का? आणि टॉम, तू ठाण्यात बसून लोकांना असले सल्ले देत जाऊ नकोस.

आणि इथे वाचणाऱ्या नव्या पोरांसाठी, एच-वन व्हिसावर असताना इथे बंदूक बाळगायला बंदी आहे, शिकारीचं वैध लायसन्स असणाऱ्यांना वगैरे काही सूट आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय मित्राची बंदूकसुद्धा हातात घेऊ नका.

पेकानवाला

माझं ग्रीन कार्ड आहे नाना. आणि टेक्सासात खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर डुकरांसाठी २०१९ पासून शिकारीचं लायसन्सही लागत नाही. भावाला तिकडेच घे म्हणून सांगतो.

नेमबाज_ताई

भावाला सांगा एअरगनवर चालणारी घे. आणि ती मोडकी तर अजिबातच देऊ नका, तो बिचारा आपला नेम चुकतोय समजून रडत बसेल.

पेकानवाला

शेवटचा अपडेट, दोन महिन्यांनंतर.

वापरलेली ॲक्युपॉइंट १-४x२४ मिळाली, हिरव्या त्रिकोणाची. सात वर्षं जुनी, ट्रिटियम मंद झालंय पण पहाटे झाडाखाली दिसतं, आणि त्याच कारणावर शंभर डॉलर पाडून घेतले. स्टीलच्या नव्या रिंगा, नवा बेस, टॉर्क रेंच, सगळं धरून सातशे ऐंशी. चारचाकीच्या रॅकला खाली फोमचा तुकडा लावला आणि पार्टनरला दस्ता धरून उचलायला शिकवलं, तो आता दुर्बिणीला हात लावायच्या आधी माझ्याकडे बघतो.

पेकानची झाडणी चालू आहे, म्हणजे रायफल रोज दहा-बारा तास गाडीत. एकदा पावसात रात्रभर बाहेर राहिली, आत वाफ धरली नाही. दर पंधरा दिवसांनी पाच बार मारून वहीत लिहितो. अजून नेलपॉलिशची एकही रेघ तुटलेली नाही आणि झिरो होता तिथेच आहे.

निवृत्त_सुभेदार

शाब्बास. डुकरं किती?

पेकानवाला

तीन, काका. चौथं सत्तर यार्डावर आडवं उभं होतं, सुटलं. पार्टनर म्हणाला दुर्बीण बघ. मी वही उघडून दाखवली.

कोकणी_काका

मटणाचं काय करता?

पेकानवाला

मोठ्या नराचं नाही खात, वास मारतो. लहान असेल तर पार्टनर लोणचं घालतो, पंजाबी पद्धतीचं, भारी होतं. पण कापताना कोपरापर्यंत हातमोजे घालतो, इथल्या रानडुकरांत ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला लागणारा रोग) असतो.